शाळेचा आनंदमेळा: कुपन की मनगटपट्टी?

आनंदमेळ्याची आखणी सुरू झाली की पहिला वाद पैशांवरून होतो. खेळागणिक कुपन घ्यायचं, की दारातच एकदा पैसे घेऊन मनगटाला पट्टी बांधायची?

कुपनाचा खरा फायदा हिशेबात आहे. प्रत्येक स्टॉलच्या डब्यातली कुपनं मोजली की कुठला खेळ चालला, कुठला पडला, हे त्याच संध्याकाळी कळतं. पुढच्या वर्षीची निम्मी आखणी तिथेच होते. नुसतं डोकावून जाणाऱ्या आजी-आजोबांनाही भुर्दंड पडत नाही. पण खिडकीपुढे रांग लागते, आणि कुपनं संपली की मूल पुन्हा आईबाबांच्या मागे. उरलेल्या कुपनांचे पैसे परत मिळणार की नाही, हे फलकावर आधीच लिहा. नाहीतर शेवटचा अर्धा तास हुज्जतीतच जातो.

पट्टी बांधली की मुलं मोकळी सुटतात. रांग मात्र संपत नाही, खिडकीवरून खेळापुढे सरकते, कारण आवडत्या खेळावर तीच चार मुलं पुन्हा पुन्हा उभी! बक्षिसं किती लागतील याचाही अंदाज चुकतो. आणि तीन भावंडांच्या घराला ही रक्कम एकदम जड जाते, म्हणून सवलत ठेवावीच लागते.

माझं मत विचाराल तर लहान वर्गांसाठी पट्टी. पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या हातात कुपन टिकतच नाही. निधी उभारायचा असेल तर कुपन. दोन्ही ठेवायचं झालं, तर पट्टीत फक्त साधे खेळ धरा आणि खाऊचे, बक्षिसांच्या खेळांचे पैसे वेगळे घ्या.