हलकं फ्लायव्हील, रोजची गाडी आणि न्यूट्रलमधली खडखड

मागच्या सर्व्हिसिंगला गाडी न्यूट्रलमध्ये चालू होती. मेकॅनिकने कान लावला आणि निकाल दिला, "गिअरबॉक्सचं बेअरिंग गेलंय, खोलावं लागेल." क्लचसोबत सिंगल मास फ्लायव्हील (इंजिनाच्या टोकाला फिरणारी जड चकती, इथे एकसंध तुकड्याची; क्लच तिलाच धरतो) टाकून काही महिने झालेत, हे मी सांगत होतो, पण ऐकून घ्यायला कोणी तयार नव्हतं. क्लच दाबला की आवाज बंद होतो, हाच त्यांचा पुरावा. अहो, क्लच दाबल्यावर इनपुट शाफ्टच, म्हणजे इंजिनाकडून गिअरबॉक्समध्ये जाणारा दांडाच थांबतो! मग बेअरिंगचा आवाजही थांबणार आणि गिअरच्या दातांची खडखडही. त्यावरून काय ठरवणार? मी ॲक्सिलरेटरला जेमतेम पाय लावून 750 चं आयडलिंग 1100 वर धरलं. खडखड गायब. बेअरिंग गेलेलं असतं तर आरपीएमबरोबर आवाज चढत गेला असता. तरी पटेना, म्हणून गिअर ऑइल काढायला लावलं. ड्रेन प्लगच्या चुंबकावर नेहमीची बारीक करडी भुकटी, धातूचा एकही तुकडा नाही. तेव्हा कुठे ओव्हरहॉलचा विषय मिटला.

हे फ्लायव्हील घेणाऱ्या प्रत्येकाला ही खडखड आधी कळायला हवी, म्हणून तिच्यावरच जास्त लिहितोय. इंजिन एकसारखं फिरत नाही. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, प्रत्येक फेऱ्यात दोन झटके बसतात. कंपनीच्या ड्युअल मास, म्हणजे दोन भागांच्या फ्लायव्हीलमध्ये त्या भागांच्या मधल्या स्प्रिंगा ते झटके गिळतात. सिंगल मासमध्ये त्या स्प्रिंगा नसतात, म्हणून झटके थेट गिअरबॉक्समध्ये, आणि जे गिअर मोकळे फिरत असतात त्यांचे दात एकमेकांवर आपटतात. थंड गाडीत ऑइल घट्ट असतं, तेव्हा आवाज कमी. ट्रॅफिकमध्ये तासभर रखडून ऑइल पातळ झालं की सिग्नलला खिडकी उघडी ठेवणं नको होतं. आवाज टाळायला क्लच दाबून उभं राहू नका, क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग उगाच झिजेल. क्लच प्लेट मात्र स्प्रिंगवाल्या हबचीच घ्या. तिने आवाज जात नाही, पण निदान आटोक्यात राहतो.

मग घेतलं कशाला? क्लच संपलाच होता. गिअरबॉक्स एकदा उतरलं की मजुरी तीच, आणि जुन्या ड्युअल मासला खेळ (ढिलेपणा) आला होता. कंपनीचं 12 किलोचं, मी घेतलं साडेसात किलोचं क्रोमोली स्टीलचं. 5 किलोचं ॲल्युमिनियमचंही मिळत होतं, ते रोजच्या गाडीला नको वाटलं. ट्रॅफिकमध्ये क्लचची उष्णता फ्लायव्हीलही शोषतं, तिथे मला थोडं वजन हवंच होतं. नुसत्या किलोंवर जाऊ नका. वजन कडेला आहे की मध्याजवळ, यावर सगळा खेळ आहे, कारण जडत्वात अंतराचा वर्ग येतो.

फायदा किती, तेही आकड्यात बघा. केंद्रापासून 11 सेंटिमीटरवरचं 4 किलो वजन काढलं, पहिल्या गिअरचा एकूण रेशो (चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाचे फेरे) 14 आणि टायरची त्रिज्या 31 सेंटिमीटर धरली, तर पिकअपच्या हिशोबात गाडी जवळजवळ 100 किलोंनी हलकी झाल्यासारखी वागते. टॉप गिअरला रेशो साडेतीन धरला तर तोच फायदा 6 किलोंवर येतो. म्हणजे हायवेला काहीही कळत नाही. जास्तीत जास्त ताकद तीच राहते, हॉर्सपॉवर वाढते म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. खरं सुख डाउनशिफ्टला आहे. ॲक्सिलरेटरला टिचकी मारली की आरपीएम लगेच वर येतो आणि खालचा गिअर लोण्यासारखा पडतो. वर टाकताना उलट, हात जलद हवा. रमतगमत गिअर टाकलात तर आरपीएम खाली जाऊन धक्का बसतो.

सुरुवातीला मला चढणीची धास्ती होती. साठवलेली ऊर्जा कमी, म्हणजे गाडी उचलताना बंद पडणार, असं गृहीत धरलं होतं. पायाला आठवड्याभरात सवय झाली, आणि आता ती तक्रार मी पूर्ण मागे घेतो. त्याऐवजी त्रास निघाला एसीचा. सिग्नलजवळ येताना क्लच दाबला आणि त्याच क्षणी कॉम्प्रेसर लागला, की काटा 500 च्या खाली डुबकी मारायचा. दोनदा तर इंजिन बंदच पडलं. थ्रॉटल बॉडी साफ करून, ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) आयडलिंग नव्याने शिकवून ते 850 वर ठेवलं. डुबकी थांबली, आणि वर खडखडही निम्म्याने कमी झाली. हे पहिल्याच दिवशी करायला हवं, पण फिटिंग करणारे बोलत नाहीत.

फिटिंगच्या वेळी फ्लायव्हीलचे बोल्ट नवे घ्या, रिअर मेन सील (क्रँकच्या मागच्या टोकाचं ऑइल सील) आणि पायलट बेअरिंगही (इनपुट शाफ्टच्या टोकाला आधार देणारं) तेव्हाच बदला. या किरकोळ सामानासाठी पुन्हा गिअरबॉक्स उतरवणं परवडत नाही. पैसे वाचवायला कंपनीचं बिडाचं फ्लायव्हील लेथवर घासून हलकं करून देणारेही भेटतील. ते अजिबात करू नका. जास्त आरपीएमला बीड फुटलं तर तुकडे बेलहाउसिंग (क्लच-फ्लायव्हीलवरचं आवरण) फोडून बाहेर येतात, आणि तिथून तुमचे पाय हातभर अंतरावर असतात.