हाताने कापलेला चॅनेल सांगून मशीनचा सोल गळ्यात मारला, लेदर सोलचे बूट बनवून घेणाऱ्यांनी नक्की वाचा

लेदर सोलचे बूट ऑर्डर देऊन बनवून घेणाऱ्यांसाठी लिहितोय. थोडं लांबलंय पण शेवटपर्यंत वाचा, कारण ही फसवणूक नवा बूट हातात घेऊन कितीही उलटासुलटा करून बघितला तरी दिसत नाही.

सोलचे टाके खाली उघडे राहिले तर चालताना घासून दोरा झिजतो. म्हणून सोलच्या कडेने चामड्यात तिरका काप घेतात, वरचा पातळ पापुद्रा उचलतात, आतल्या खाचेत शिलाई करतात आणि पापुद्रा परत चिकटवून, ठोकून, घोटून बसवतात. यालाच चॅनेल म्हणतात. खालून एकही टाका दिसत नाही. हाताने करणारा कारागीर सोल दमट करून रापीने काप घेतो, आरीने एकेक भोक पाडतो आणि मेण लावलेल्या दोऱ्याने शिवतो, यात खूप वेळ जातो. मशीनवर कडेपासूनचं अंतर आणि पात्याची खोली एकदा लावली की सोल फिरवायचा, काप तयार.

मशीनचा चॅनेल वाईट असतो असं माझं म्हणणं नाही, नीट केलेला मशीनचा चॅनेल वर्षानुवर्षं टिकतो. राग याचा आहे की मी हाताच्या कामाचे जवळपास दुप्पट पैसे मोजले, तीन महिने थांबलो, मला रापीने काप घेतानाचा व्हिडिओपण पाठवला होता, आणि तो माझ्या बुटांचा नव्हताच हे माझ्या तेव्हा डोक्यातच आलं नाही.

बूट आले तेव्हा सोल आरशासारखा होता. सात-आठ महिने वापरले, एकदा पावसात भिजले आणि वाळल्यावर उजव्या बुटाचा पुढचा पापुद्रा उचलला गेला. एका वयस्कर कारागिराकडे घेऊन गेलो. त्यांनी अंगठ्याने पापुद्रा मागे सारला, थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "अहो, हे हाताचं नाहीये. वेल्टवर दोरा पिवळा आणि खाली पांढरा, हाताच्या शिलाईत असं होईलच कसं?" (वेल्ट म्हणजे बुटाचा वरचा भाग आणि सोल यांच्यामध्ये कडेने फिरणारी चामड्याची पट्टी.)

मग त्यांनी समजावलं ते मला आयुष्यभर लक्षात राहील. हाताच्या शिलाईत एकाच दोऱ्याची दोन टोकं प्रत्येक भोकातून समोरासमोर जातात, एक खाली येतं तेव्हा दुसरं वर जातं, त्यामुळे दोन्ही बाजूंना तोच दोरा, आणि समजा दोन टोकांना दोन रंग असते तरी ते एकाआड एक दिसले असते. मशीनला वरचा दोरा वेगळा आणि खालचा वेगळा, दोघांची अडकवण चामड्याच्या आत, म्हणून वर सगळे पिवळे आणि खाली सगळे पांढरे. त्यांनी रापीच्या टोकाने एक टाका कापला आणि पकडीने ओढला तर तीन-चार टाके सरसर उसवत आले. शिवाय बुटाच्या मधल्या अरुंद भागात सोल घासून पातळ केलेला, पण काप पंज्याला होता तेवढाच खोल, म्हणजे तिथे खाली चामडं जेमतेम उरलेलं. हाताने कापणारा तिथे रापी हलकी धरतो, मशीनला ते कळत नाही.

ज्यांच्याकडून बूट घेतले त्यांना फोटो पाठवले. आधी उत्तर आलं की लेदर सोल भिजला की असं होतंच सर. हे अर्धं खरं आहे, हाताचा चॅनेलसुद्धा भिजून उघडू शकतो, पण माझा प्रश्न शिलाईचा होता. मग म्हणे वेल्ट हातानेच शिवलीय, बिलावर 'हातकाम' लिहिलंय ते त्याबद्दल. चॅनेलचं सगळं बोलणं फोनवर झालेलं, माझ्याकडे लेखी काहीच नाही. त्यानंतर उत्तरं बंद. पैसे मिळाले नाहीत.

त्यामुळे कळकळीने सांगतो, ऑर्डर देतानाच लिहून घ्या की काप हाताने आणि सोलची शिलाईपण हाताने, दोन्ही वेगवेगळं लिहून घ्या, कारण काप हाताने घेऊन शिलाई मशीनवर मारणारेही आहेत. आणि पापुद्रा चिकटवायच्या आधीचा फोटो मागा, तुमच्याच जोडीचा, बुटाचा वरचा भाग ओळखू येईल असा. एकदा पापुद्रा बसला की सगळा पुरावा त्याच्याखाली गेला. फोटो द्यायला टाळाटाळ झाली तर उरलेले पैसे अजिबात देऊ नका, मी सगळे आधीच देऊन बसलो होतो.

आता त्याच कारागिरांकडे नवीन सोल घालायला दिलाय. काल त्यांनी स्वतःहून बोलावून घेतलं. पापुद्रा उभा होता, खाचेत टाके एकमेकांना चिकटून बसलेले, मेणाचा वास येत होता, आणि पंज्याच्या वळणावर जिथे रापी थांबवून परत धरली असेल तिथे काप अगदी किंचित हललेला दिसत होता. फोटो काढून ठेवलाय. उद्या पापुद्रा चिकटवणार आहेत.