जुनी गाडी रिस्टोअरला देण्याआधी हे वाचा: बाबांच्या आरएक्स १०० चा अनुभव

बाबा २०१४ साली गेले. त्यांची १९८७ ची यामाहा आरएक्स १०० त्यानंतर नऊ वर्षं बेळगावजवळच्या खानापूरला आमच्या गोठ्यात ताडपत्रीखाली उभी होती. खानापूरचा पाऊस ज्यांना माहीत आहे त्यांना गाडीची दशा वेगळी सांगायला नको. टाकीला आतून गंज, सीट उंदरांनी कुरतडलेली, किक जाम. तरी ती विकायचा विषय आईने कधी घरात काढू दिला नाही.

२०२३ च्या दिवाळीनंतर ती चालू करायचं मनावर घेतलं. बेळगावातल्या ओळखीच्या मिस्त्रींनी सरळ सांगितलं होतं, "चालू करून देतो की, पण शोरूमसारखी पाहिजे असली तर ते आमच्याकडं होत नाही बघा." मला शोरूमसारखीच हवी होती. मोबाईलवर व्हिडिओ बघून सीमेपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या, कोगनोळी नाक्यापुढच्या एका गॅरेजवाल्याला फोन लावला. नाव लिहीत नाही, कारण तक्रार चालू आहे.

तो स्वतः पिकअप घेऊन आला. तो क्षण मला आजही जसाच्या तसा दिसतो. त्याने ना टाकी पाहिली, ना सीट. खाली बसला, अंगठ्याने कार्बोरेटरवरची माती पुसली आणि त्यावरची अक्षरं वाचली. मग ब्लॉकच्या, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो त्या सिलिंडरच्या, फिन्सवरून बोट फिरवत विचारलं, "सर, इंजिन कधी खोललंय काय?" मी अभिमानाने सांगितलं, कधीच नाही, बाबांनी कुणाला हात लावू दिला नाही. त्या एका उत्तरात मी त्याला हवं ते सगळं देऊन बसलो.

ठरले ४५,००० रुपये, मुदत दोन महिने. २०,००० लगेच दिले. दीड महिन्याने फोन आला, क्रँक (पिस्टनच्या जोरावर फिरणारा इंजिनातला दांडा) गेलाय, १३,५०० लागतील. मग क्रोम आणि पावडर कोटिंगचे ११,०००. मग आरसी रिन्यू करून देतो म्हणून ९,०००. ठरलेले ४५,००० धरून असे ७८,५०० गेले, सगळे फोनवरून, आणि एकाही पैशाचं बिल नाही. मध्ये मध्ये व्हॉट्सॲपवर फोटो यायचे: नवीन पिस्टन डब्यात, नवे बेअरिंग डब्यात. माझी गाडी एकाही फोटोत नसायची. हे तेव्हा खटकायला हवं होतं.

दहा महिन्यांनी, २०२४ च्या सप्टेंबरात गाडी आली. रंग आरशासारखा. आई रडली. तिसऱ्या दिवशी जांबोटी रस्त्याला चढावर इंजिनाचा आवाज बदलला, गाडी ओढेना आणि मागचं चाक एकदम जाम झालं. मी पडलो नाही, हे नशीब.

माझा आत्तेभाऊ उद्यमबागेत मशीन शॉपला आहे. त्याने ब्लॉक उतरवला आणि कामावर नेऊन बोअर, म्हणजे सिलिंडरचं आतलं भोक, मोजायचा गेज लावला. आरएक्स १०० चा बोअर कंपनीतून ५० मिलिमीटरचा येतो. झिजल्यावर रिबोअर केला, म्हणजे आतून कातून मोठा केला, की तो पाव-पाव मिलिमीटरने वाढतो: ०.२५, ०.५०, ०.७५ आणि शेवटी १.००. काटा ५१ च्याही पुढे गेला. पिस्टनच्या डोक्यावरची काजळी त्याने कापडाने पुसली, तर खाली १०० असा आकडा ठोकलेला, म्हणजे १.०० चा शेवटचा टप्पा. "दादा, हा ब्लॉक मामांच्या गाडीचा न्हाईच," तो म्हणाला. कधीही न खोललेल्या इंजिनाचा ब्लॉक शेवटच्या टप्प्याला कसा जाईल? आमचा कोरा ब्लॉक कुणाच्या तरी गाडीवर चढला होता आणि त्या गाडीची अडगळ आमच्या पदरात पडली होती. कार्बोरेटर जपानचा होता, जागेवर आली होती लोकल नक्कल. क्रँकही बदललेला. एवढं करून क्रँकची ऑईल सील मात्र जुनीच, कडक होऊन चिरलेली. इंजिन जाम व्हायला तेवढं पुरतं. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँक बसतो त्या खालच्या कवचात, जातं. सील गळकं असलं की तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते, मिश्रणात पेट्रोल कमी पडतं, पिस्टन तापतो आणि बोअरला धरतो.

आता या धंद्याचं वर्म सांगतो. आरसीवर चेसिस नंबर असतो आणि इंजिन नंबर असतो. इंजिन नंबर ठोकलेला असतो फक्त क्रँककेसवर. ब्लॉक, हेड, क्रँक, कार्बोरेटर यांच्यावर तुमच्या नावाची कसलीच खूण नाही. त्यामुळे नंबर जुळवून बघणाऱ्याला सगळं ठीक दिसतं. सुरुवातीच्या आरएक्समधल्या जपानी भागांना आज जी किंमत आहे, ती बघता त्या माणसाची खरी कमाई मजुरीत नव्हतीच.

म्हणून गाडी दारातून हलण्याआधी तुमच्या विश्वासातल्या मिस्त्रीसमोर ब्लॉक उतरवा, बोअर मोजून कागदावर लिहा. प्रत्येक भागाला आतल्या बाजूने, दिसणार नाही अशी खूण ठोका आणि तिचा फोटो काढा. जो भाग बदलला म्हणतील तो जुना भाग हातात आल्याशिवाय पुढचा हप्ता देऊ नका. जुना पिस्टन, जुनी सील, सगळं परत मागा. प्रामाणिक मिस्त्री स्वतःहून पिशवीत घालून देतो. आणि मनाला पटत असेल तर जवळच्याच माणसाकडे द्या, जिथे संध्याकाळी उगाच चक्कर मारता येईल.

आरसीचं म्हणाल तर ते झालंच नव्हतं, आणि होणारही नव्हतं. मालक हयात नसेल तर आधी फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करावी लागते. नूतनीकरणाचा अर्ज फॉर्म २५ वर होतो आणि गाडी आरटीओत दाखवावी लागते. दुचाकीचं शुल्क १ एप्रिल २०२२ पासून १,००० रुपये होतं, उशिराचा दंड वेगळा. गाडी त्याच्याकडे, कागद माझ्याकडे, तर त्याने ९,००० कशाचे घेतले?

मी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दिली आहे. घटनेपासून दोन वर्षांच्या आत देता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. बिल नसल्याने पैसे पाठवल्याच्या नोंदी, फोटो आणि बोअरच्या मापाचा कागद एवढंच हाताशी आहे.

पैसे मिळतील, न मिळतील. साईड पॅनलही बदलून आली, त्याचं जास्त लागलं आहे. डाव्या पॅनलच्या आतल्या बाजूला बाबा प्रत्येक वेळी ऑईल बदललं की पांढऱ्या रंगाने बारीक अक्षरांत तारीख लिहायचे. शेवटची तारीख २०१३ ची आहे. जुने भाग विकत घेणाऱ्या कुणाच्या हाती असं पॅनल आलं, तर ते पुसू नका. मी सांगाल ती किंमत देईन.