बाटली खरी, वाइन खोटी

आमची निफाडकडे द्राक्षबाग आहे. लहानपणापासून घडांची विरळणी केलेला माणूस मी, त्यामुळे वाइनच्या बाबतीत कुणी आपल्याला टोपी घालेल असं कधी वाटलं नव्हतं. घातली. तीही चिलीत जाऊन, दोन बाटल्यांची, प्रत्येकी १,२०,००० पेसोंना. तेव्हा साधारण दहा पेसोंना एक रुपया पडायचा, करा हिशेब.

२०२३ मध्ये कंपनीच्या कामानिमित्त आठ महिने सांतियागोला होतो. परत निघण्याआधी एकदा अल्माविवा प्यायचीच, हे डोक्यात होतं. कोंचा ई तोरो ही चिलीची मोठी वाइन कंपनी आणि फ्रान्समधल्या बोर्दोचं बारों फिलिप द रोथशिल्ड हे वाइनचं घराणं यांनी १९९७ मध्ये भागीदारी केली, त्यातून ही वाइन आली. पहिली वाइन निघाली ती आधीच्याच, १९९६च्या पिकाची. द्राक्षं पुएन्ते आल्तोची, म्हणजे सांतियागोच्या मेट्रोचं एक टोक जिथे संपतं त्या बाजूची. कॅबर्ने सोव्हिन्यों ही जात मुख्य, जोडीला कार्मेनेर, आणि चवीपुरतं कॅबर्ने फ्रांक, पेती व्हर्दो वगैरे. बोर्दोच्या पद्धतीने मिसळायची आणि फ्रेंच ओकच्या पिंपांत मुरवायची. २०१५च्या वाइनला जेम्स सकलिंग या समीक्षकाने शंभरपैकी शंभर गुण दिले आणि ती त्याची २०१७ची सर्वोत्तम वाइन ठरली. साहजिकच मला २०१५च हवी होती. दुकानात ती दोन लाख पेसोंच्या आसपास सांगत होते.

मग जुन्या वस्तूंच्या एका ऑनलाइन बाजारात जाहिरात दिसली. मामा वारले, त्यांच्या तळघरातल्या बाटल्या काढायच्या आहेत. मी घासाघीस केली, तर तो म्हणाला, "मग राहू द्या, दुसरं गिऱ्हाईक आहे." इथेच मी फसलो. आपल्याकडे भाव पटकन उतरवला की संशय येतो. हा तर एक पेसो सोडायला तयार नव्हता! मला वाटलं, माल खरा असणार.

तिकडे असे व्यवहार मेट्रो स्टेशनवर होतात, त्यात वावगं काही नाही. तोबालाबा स्टेशनला भेटलो. तिशीतला, इस्त्रीचा शर्ट, बोलायला गोड. बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या. मी लेबल मोबाइलच्या उजेडात फोटोशी ताडून पाहिलं. चिलीतल्या मापुचे आदिवासींच्या कुल्त्रुन ढोलावरची ती गोल नक्षी, फ्रेंच नाटककार बोमार्शेच्या हस्ताक्षरातलं नाव, सगळं तंतोतंत. काचेवरचे ओरखडेसुद्धा जुन्या बाटलीला शोभतील असे. पैसे पाठवताना खातं एका बाईच्या नावाचं निघालं. "बायकोचं आहे," तो म्हणाला. मी पाठवले.

निघायच्या आदल्या रविवारी एका सहकाऱ्याच्या घरी आसादो होता. निखाऱ्यांवर मांस भाजत चार तास गप्पा मारायच्या, असा प्रकार. मी ऐटीत एक बाटली काढली. सहकाऱ्याचे वडील मायपो खोऱ्यातल्या वाइनरीत आयुष्यभर पिंपं सांभाळून निवृत्त झालेले. त्यांनी बाटली हातात घेतली, लेबलाकडे बघितलंही नाही. मानेवरचं धातूचं वेष्टण बोटाने फिरवलं, बाटली उन्हाकडे धरली, मग बूच काढून माझ्या तळहातावर ठेवलं.

बूच आखूड आणि कोरं. ना नाव, ना वर्ष. असल्या वाइनच्या बुचावर दोन्ही छापलेलं असतं. इतकी वर्षं वाइनला टेकलेलं बूच खालून गडद जांभळं होतं, हे जेमतेम गुलाबी होतं. बाटलीत गाळाचा कण नाही. वाइन अगदी बुचापर्यंत भरलेली, तीही वयाच्या मानाने जास्तच. मी मात्र सगळा वेळ लेबल तपासत बसलो होतो, आणि लेबल तर खरंच होतं. बाटलीही खरी. रिकाम्या बाटल्या विकत घेणारे लोक असतात, म्हातारबा म्हणाले. स्वस्तातली वाइन ओतायची, नवं बूच ठोकायचं, वरून वेष्टण चढवायचं.

चव घेतली. वाईट नव्हती, हेच वाईट. गोडसर, व्हॅनिलाचा वास, घोट संपला की मागे काही उरत नाही. कार्मेनेरला ढोबळी मिरची चिरल्यासारखा एक हिरवट वास असतो, चांगल्या वाइनमध्ये तो अगदी मागे, पुसट. इथे त्याचा पत्ताच नव्हता.

माझा चेहरा बघून म्हातारबा हसले. "तुला दोन बाटल्यांत फसवलं. आम्ही शंभर वर्षं स्वतःलाच फसवत होतो." कार्मेनेर चिलीत एकोणिसाव्या शतकात बोर्दोहून आलं आणि मर्लो ही दुसरीच जात समजून वाढवलं गेलं. १९९४ मध्ये जाँ-मिशेल बुर्सिको या फ्रेंच द्राक्षतज्ज्ञाने वेली बघून सांगितलं, की हे मर्लो नव्हेच. तोवर सगळे बिनधास्त मर्लो म्हणून विकत होते आणि पीतही होते. पण त्यात कुणाची लबाडी नव्हती, हा फरक मी मनात नोंदवला. बोललो नाही, कारण पाहुणा होतो.

बँकेने सांगितलं, पैसे तुम्हीच पाठवलेत. पोलिसांत तक्रार लिहून दिली, पण माझ्याकडे होतं काय? एका अनोळखी बाईचं नाव आणि पुसलं गेलेलं प्रोफाइल. नाशिकला परतल्यावर सहज तो बाजार उघडला तर तशीच जाहिरात, तशाच बाटल्या. या वेळी आजी वारली होती.

तुम्ही घेणार असाल तर ओळखीच्या दुकानातून, पावती घेऊन घ्या, आणि खात्यावरचं नाव वेगळं निघालं तर तिथून उठा. विकणारा भावाला अडून बसला म्हणजे माल खरा, असं माझ्यासारखं समजू नका. बाटली हातात आली की आधी मान बघा, मग तळ.

त्या रविवारी जेवण आटोपल्यावर म्हातारबांनी रिकामी बाटली कचऱ्यात टाकू दिली नाही. खिशातून किल्ली काढली आणि लेबलावर आडव्या उभ्या रेघा ओढून ते पार फाडून टाकलं. "नाहीतर पुन्हा भरतील," म्हणाले. मग दुसरी, न उघडलेली बाटली माझ्यापुढे ठेवली आणि किल्ली माझ्या हातात दिली.