यूटीटाइप आणि छापखान्यात येणाऱ्या फाइली: बरेच महिने वापरल्यानंतरचा अनुभव

आमची छोटी टीम लोअर परळच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या गाळ्यात बसते आणि छापखान्यांसाठी आयपॅड आणि मॅकवर चालणारं अ‍ॅप बनवते. काम तसं सरळ आहे, गिऱ्हाईकाने पाठवलेली फाइल घ्यायची, जॉब नंबर लावायचा, प्रूफ दाखवायचं, ओके आलं की प्लेटला सोडायचं. पण यातलं "फाइल घ्यायची" हे जे आहे ना, तिथेच सगळी मेख आहे. गिरगावात कांदेवाडीला पत्रिकांची दुकानं आहेत तिथून येणारं काम बघा, गणपतीच्या आधी मंडळांचे अहवाल आणि पावती पुस्तकं बघा, कोणी पीडीएफ देतं, कोणी कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरची सीडीआर फाइल देतं, कोणी आयफोनवर काढलेला फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून टाकतं तो हाइक (एचईआयसी) फॉरमॅटमध्ये असतो, कोणी नुसती टेक्स्ट फाइल पाठवून म्हणतं मजकूर यातला घ्या. यातली प्रत्येक फाइल नक्की कुठल्या प्रकारची आहे आणि आपण तिचं काय करू शकतो हे अ‍ॅपला पहिल्या झटक्यात कळलं पाहिजे, आणि त्यासाठी मी गेले कित्येक महिने अ‍ॅपलच्या यूटीटाइपवर, म्हणजे फाइलचा प्रकार सांगणाऱ्या लायब्ररीवर, काम करतेय. त्याबद्दल सविस्तर लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगते. आपण बहुतेक जण प्रकार ओळखायला एक्स्टेन्शनची यादी ठेवतो, जेपीजी, जेपेग, पीएनजी, टिफ वगैरे, सगळं लोअरकेस करायचं आणि यादीत आहे का बघायचं. नाहीतर माइम टाइप वापरतो, म्हणजे इमेज/जेपेग असं तिरकी रेघ घालून लिहिलेलं प्रकाराचं नाव. माइम ही मुळात ईमेलसाठी आलेली गोष्ट, १९९२ मध्ये बोरेन्स्टाइन आणि फ्रीड यांनी आरएफसी १३४१ या इंटरनेट मानकाच्या दस्तऐवजात मांडलेली, पुढे १९९६ मध्ये आरएफसी २०४५ आणि २०४६ मध्ये नीट बसवलेली, आणि आज सगळं वेब त्यावर चालतं. पण या दोन्हीत प्रकार म्हणजे शेवटी एक स्ट्रिंग, नुसती अक्षरं, आणि दोन स्ट्रिंग सारख्या आहेत का एवढाच प्रश्न आपण विचारतो. कोरलचंच घ्या, त्या एका प्रकाराला वेगवेगळ्या ठिकाणी अ‍ॅप्लिकेशन/सीडीआर, अ‍ॅप्लिकेशन/एक्स-सीडीआर, इमेज/एक्स-सीडीआर अशी कितीतरी नावं आहेत, म्हणजे फाइल तीच आणि तुमची तुलना मात्र फेल.

यूटीटाइप ज्या फ्रेमवर्कमध्ये आहे ती २०२० मध्ये आली, आयओएस १४ आणि मॅकओएस ११ सोबत. त्यामागची कल्पना जुनी आहे, मॅकवर युनिफॉर्म टाइप आयडेंटिफायर (यूटीआय) टायगर या जुन्या मॅकओएसच्या जमान्यापासून आहेत, पण आधी ते सगळं सीएफस्ट्रिंग आणि सी फंक्शनमधून करावं लागायचं आणि स्विफ्ट या प्रोग्रामिंगच्या भाषेत तो कोड वाचायला फार त्रासदायक होता. आता यूटीटाइप हा सरळ एक स्ट्रक्ट आहे, इक्वेटेबल आहे, हॅशेबल आहे, सेटमध्ये टाका, डिक्शनरीची की म्हणून वापरा, काही अडचण नाही. आणि मुख्य म्हणजे प्रकार इथे सुटा नसतो, त्याला वरचे प्रकार असतात. पब्लिक.जेपेग हा पब्लिक.इमेजमध्ये मोडतो, इमेज पुढे पब्लिक.डेटा आणि पब्लिक.कंटेंट या दोन्हीत मोडते. म्हणजे फांद्या एकाच खोडाला नसून दोन खोडांना असतात, एक खोड "बाइट्स कसे ठेवलेत" याचं आणि दुसरं "आत काय आहे" याचं. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं जातं.

तुलनेचे चार मार्ग आहेत आणि मला सगळ्यात जास्त आवडलेला भाग हाच. एक म्हणजे साधं बरोबरचं चिन्ह, ते फक्त आयडेंटिफायर एकच आहे का ते बघतं, जेपेग आणि इमेज ताडले तर उत्तर नाही. दुसरं कन्फॉर्म्स टू, ते विचारतं की हा प्रकार त्या प्रकारात मोडतो का, आणि यात तो स्वतःच असेल तरी उत्तर हो येतं. तिसरं इज सबटाइप ऑफ, हे जवळपास तसंच, पण स्वतःचा स्वतःशी विचारलं तर नाही म्हणतं, आणि इज सुपरटाइप ऑफ म्हणजे तेच उलट्या बाजूने. आमच्या कोडमध्ये बहुतेक सगळीकडे कन्फॉर्म्स टू आहे, बरोबरचं चिन्ह फक्त जिथे खरंच ठराविक एकच फॉरमॅट हवाय तिथे. टीममध्ये नवीन कोणी आलं की मी पहिल्यांदा हा फरक समजावते, कारण "ही फाइल जेपेग आहे का" आणि "ही फाइल चित्र म्हणून दाखवता येईल अशी आहे का" हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि प्रेसवर विचारला जातो तो जवळपास नेहमी दुसरा.

आता थोडं जपून राहायच्या जागा. पीडीएफ इमेजमध्ये मोडत नाही. तो कंपोझिट कंटेंटमध्ये मोडतो, म्हणजे मजकूर, चित्र सगळं मिळून असलेला. हे बरोबरच आहे, पण तुम्ही फाइल निवडायच्या खिडकीला नुसतं इमेज दिलंत तर गिऱ्हाईकाची पीडीएफ तिथे फिकी दिसेल आणि निवडताच येणार नाही, त्यामुळे इमेज आणि पीडीएफ दोन्ही द्यायचे. उलट बाजूने एसव्हीजी इमेजमध्ये मोडतो, फोटोशॉपची पीएसडीपण मोडते, पण इमेज आहे म्हणजे यूआयइमेज, आयओएसवर चित्र उघडणारा क्लास, ती उघडेलच असं अजिबात नाही, एसव्हीजीचा डेटा दिलात तर निल, म्हणजे रिकामं उत्तर, हातात येतो. प्रकाराचं झाड हे जगात काय काय आहे ते सांगतं, तुमचा कोड काय वाचू शकतो ते सांगत नाही. आम्ही त्यासाठी "आमच्या अ‍ॅपला उघडता येणारे" असा वेगळा सेट ठेवलाय आणि थंबनेल बनवायच्या आधी तो बघतो. अजून एक, आरटीएफडीसारख्या काही गोष्टी दिसायला एक फाइल असतात पण खाली तो फोल्डर असतो, पॅकेज म्हणतात त्याला, ते डेटामध्ये मोडत नाहीत, तर अपलोडच्या आधी कन्फॉर्म्स टू डेटा हे जरूर तपासा.

आणि आता कोरल. हा भाग मी जरा मोठा लिहिणार आहे कारण मुंबईत छापखान्यासाठी काही करायचं आणि सीडीआर नाही घ्यायची म्हणजे काम सोडूनच द्यायचं. मॅकवर डिस्क युटिलिटीतून सीडी किंवा डीव्हीडीचा मास्टर काढला की त्या फाइलचं एक्स्टेन्शनही डॉट सीडीआर असतं! म्हणजे कोरलची ड्रॉइंग आणि सीडीची इमेज, दोघांचं आडनाव एकच, आणि ज्या मॅकवर कोरल टाकलेलं नाही तिथे सिस्टीमला फक्त आपली सीडीच माहीत. एका प्रेसचे मालक आहेत, आम्ही सगळे त्यांना काकाच म्हणतो, त्यांनी बघितल्या बघितल्या विचारलं, "अगं, ही पत्रिका आहे, हिला डिस्क का म्हणतंय?" प्रश्न अगदी रास्त होता, आणि इथेच या लायब्ररीची खरी परीक्षा झाली असं मी म्हणेन आणि ती पास झाली.

केलं काय तर इन्फो पीलिस्टमध्ये, म्हणजे अ‍ॅपची माहिती सिस्टीमला सांगणाऱ्या फाइलमध्ये, कोरलचा प्रकार इम्पोर्टेड म्हणून जाहीर केला, इम्पोर्टेड म्हणजे हा फॉरमॅट आमचा नाही पण आम्हाला माहितीये, एक्स्पोर्टेड म्हणजे फॉरमॅटचा मालक मी. हा फरक लोक फार हलक्यात घेतात आणि दुसऱ्याचा फॉरमॅट एक्स्पोर्टेड म्हणून टाकतात, असं प्लीज करू नका, कारण खऱ्या मालकाचं अ‍ॅप त्याच मशीनवर आलं की दोन मालक होतात. तर आम्ही तो इम्पोर्टेड केला आणि इमेजमध्ये मोडतो असं जाहीर केलं, आणि प्रकार मागताना नुसतं एक्स्टेन्शन न देता "सीडीआर, पण इमेजमध्ये मोडणारा" असं मागितलं. इनिशियलायझरमध्ये कन्फॉर्मिंग टू नावाचा पॅरामीटर असतो, बहुतेक जण तो वापरतच नाहीत, त्याची डीफॉल्ट व्हॅल्यू डेटा असते. तिथे इमेज दिलं की सीडीवाला आपोआप बाजूला होतो. ज्यांना सगळेच दावेदार बघायचेत त्यांच्यासाठी टाइप्स नावाची स्टॅटिक मेथड आहे, टॅग दिला की त्या टॅगचे सगळे प्रकार यादीने मिळतात, डीबग करताना ती फार उपयोगी पडते. वेबवाल्या मंडळींना हाच प्रकार डॉट टीएसमध्ये भेटतो, तुमची टाइपस्क्रिप्टची फाइल आणि मॅकला वाटतं एमपेग २ चा व्हिडिओ.

सिस्टीमला न ओळखता येणारं एक्स्टेन्शन दिलंत तर निल येत नाही, डायनॅमिक, म्हणजे जागेवरच बनवलेला, प्रकार येतो, त्याचा आयडेंटिफायर डीवायएन ने सुरू होतो. पत्रिकांच्या फाइलना नावं देताना लोक चि.सौ.कां. असं टिंबं देऊन लिहितात आणि कधी कधी पुढे एक्स्टेन्शनच नसतं, मग शेवटच्या टिंबानंतरचं मुलीचं नाव हेच एक्स्टेन्शन समजलं जातं आणि त्याचा डायनॅमिक प्रकार तयार होऊन येतो. त्यामुळे निल तपासून भागत नाही, इज डायनॅमिक तपासा, आणि तो खरा असेल तर ऑपरेटरला विचारा.

यावरून मूळ मर्यादेकडे येते आणि ती समजून घेतल्याशिवाय कोणी ही लायब्ररी वापरू नये असं मला अगदी कळकळीने वाटतं. यूटीटाइप फाइल उघडून बघत नाही. नाव काय दावा करतंय एवढंच ते सांगतं. कोणी वेबवरून लोगो उतरवला, तो वेबपी या वेगळ्याच फॉरमॅटमध्ये होता, डिझायनरने नाव बदलून डॉट जेपीजी केलं, तर यूटीटाइप शांतपणे जेपेग म्हणणार. म्हणून पहिले काही बाइट बघायलाच लागतात. जेपेग एफएफ डी८ एफएफ ने सुरू होतो, पीडीएफच्या सुरुवातीला टक्क्याचं चिन्ह आणि पीडीएफ ही अक्षरं असतात, झिप पीके ने सुरू होतो, आणि वर्डची डॉक्स पण आतून झिपच. कोरलच्या जुन्या फाइली रिफ नावाच्या कंटेनरमध्ये असतात आणि एक्स४ आवृत्तीपासूनच्या झिपमध्ये, त्यात रिफ म्हटलं तर वेव्ह, एव्हीआय आणि वेबपी पण रिफच, म्हणजे नुसते पहिले चार बाइट बघून इथेही निर्णय होत नाही, पहिल्या आठ बाइटनंतर काय लिहिलंय ते बघावं लागतं. चित्रांसाठी मात्र इमेजआयओ ही चित्रं वाचायची लायब्ररी आहे, तिच्या सीजीइमेजसोर्सला प्रकार विचारला की तो आतले बाइट बघून आयडेंटिफायर देतो, त्याचा यूटीटाइप बनवायचा आणि नावावरून आलेल्या यूटीटाइपशी ताडायचा. दोन्ही जुळले तर पुढे, नाही जुळले तर पिवळी पट्टी दाखवायची की नाव एक सांगतंय आणि आत दुसरंच आहे. प्लेट निघायच्या आधी कळलेलं बरं. माझ्या मते या लायब्ररीचा सगळ्यात मोठा फायदा हाच, दोन वेगळ्या मार्गांनी आलेली उत्तरं एकाच भाषेत ताडता येतात.

मजकुराच्या फाइलींना मात्र यातलं काहीच पुरत नाही. डीटीपीवाल्यांकडे अजून श्रीलिपी या जुन्या फॉन्टच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेला मजकूर भरपूर आहे. ती टेक्स्ट फाइल प्लेन टेक्स्टमध्ये व्यवस्थित मोडते, प्रकार अगदी बरोबर, पण तो युनिकोड नाही आणि फॉन्ट बदलला की सगळा इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. माइममध्ये निदान चारसेट, म्हणजे अक्षरं कुठल्या पद्धतीने साठवलीत ते, लिहायला जागा असते, पण श्रीलिपी काही चारसेट म्हणून कोणी लिहीत नाही. त्यामुळे आम्ही पहिल्या काही ओळी सरळ स्क्रीनवर दाखवतो आणि ऑपरेटर डोळ्यांनी बघून सांगतो.

सर्व्हर आमचा जावावर आहे, तिथे ग्वाव्हा या जावाच्या लायब्ररीतला मीडियाटाइप वापरतो, त्याबद्दलही दोन शब्द. तो माइमवर आधारलेला आहे, इक्वल्स केलं तर पॅरामीटरसकट तुलना होते, म्हणजे टेक्स्ट/प्लेन आणि चारसेट लावलेलं टेक्स्ट/प्लेन हे वेगळे ठरतात, पण इज नावाची मेथड वापरली तर दुसरं पहिल्यात बसतं, आणि इमेज/स्टार असा अख्खा गटही देता येतो. नेटका आहे, भरवशाचा आहे. पण त्याची समज तिरक्या रेघेच्या दोन बाजूंपुरती आहे, एसव्हीजी हा आतून एक्सएमएल आहे हे इमेज/एसव्हीजी+एक्सएमएल असं नावातच लिहिलेलं असूनही तुलनेत ते धरलं जात नाही. लिनक्सवर काम करणाऱ्यांनी जीलिब या लायब्ररीतलं कंटेंट टाइप बघावं, त्यात इक्वल्स आणि इज-ए असे दोन्ही आहेत, फक्त त्याची स्ट्रिंग युनिक्सवर माइम, विंडोजवर एक्स्टेन्शन आणि मॅकवर यूटीआय अशी बदलते, त्यामुळे ती एका मशीनवरून दुसऱ्यावर पाठवू नका.

साठवायचं काय, हा प्रश्न मला बरेच जण विचारतात. आम्ही डेटाबेसमध्ये आयडेंटिफायर स्ट्रिंग म्हणून ठेवतो, आणि सोबत मूळ फाइलचं नाव जसंच्या तसं आणि आलेला माइम टाइप, असं तिन्ही. कारण एका मशीनवर माहीत असलेला आयडेंटिफायर दुसऱ्या मशीनवर जाहीर केलेला नसेल तर त्यावरून यूटीटाइप बनवताना निल येतो, मग नावावरून पुन्हा काढता आला पाहिजे. आणि फाइल परत देताना प्रिफर्ड एक्स्टेन्शन लावू नका, जेपेगसाठी ते चार अक्षरी जेपेग येतं, गिऱ्हाईकाने जेपीजी दिलेलं असतं आणि त्याच्या कोरलमध्ये लिंक केलेलं चित्र त्या नावाने शोधलं जातं. मूळ नाव ठेवलंय तेच लावा.