पुण्याच्या नारायण पेठेतली अभ्यासिका आणि रविवारचे बँकवाले काका

खोलीवर आम्ही चौघी, त्यामुळे अभ्यासासाठी मी या अभ्यासिकेत जागा घेतली. तिच्याबद्दल थोडक्यात सांगते. महिन्याला ९०० रुपये, सकाळी सहा ते रात्री अकरा, वायफाय बरं चालतं, मुलींचं स्वच्छतागृह वेगळं आहे आणि खरंच स्वच्छ असतं. खुर्च्या लाकडी आहेत, बसायला उशी घेऊन या.

पण मी हे लिहायला घेतलं ते खालच्या खोलीत रविवारी नऊ ते अकरा बसणाऱ्या काकांसाठी. राष्ट्रीयीकृत बँकेतून शाखाधिकारी म्हणून ते निवृत्त झालेत. पैशाबद्दल विद्यार्थ्याला जे विचारायचं असेल ते विचारता येतं. फी नाही. अभ्यासिकेचे मेंबर नसलात तरी चालतं.

मी वसमतची, घरी हळद. हळद शिजवून, वाळवून, पॉलिश करून मोंढ्यात, म्हणजे शेतमालाच्या बाजारात, गेली की एप्रिल-मेमध्ये घरात पैसा येतो, तो वर्षातून तेवढा एकदाच. मग आप्पा जमेल तसे पाठवतात आणि दिवाळीनंतर त्यांना कुणाकडे तरी हात पसरावा लागतो. पैशाच्या नियोजनावरचे सगळे व्हिडिओ 'पगार झाला की' इथून सुरू होतात. ज्याच्या घरी पगारच नाही त्याने काय करायचं, हे मला सांगणारे काका पहिले.

त्यांनी वही उघडायला लावली आणि पहिली ओळ लिहायला सांगितली ती नाश्त्याची. रोजचे ३० म्हणजे महिन्याचे ९००. मी म्हटलं, काका, हे वाचवता येतील. ते म्हणाले, "ही ओळ खोडायची नाही. बाकी कुठलीही खोड." मग कॉट बेसिसचे, म्हणजे खोलीतल्या एका कॉटच्या भाड्याचे, ४,०००, मेसचे ३,०००, अभ्यासिकेचे ९००. बेरीज ८,८००. बस, रिचार्ज आणि झेरॉक्सला १,२०० धरून महिन्याला १०,०००, आणि जुलै ते एप्रिल असे दहा महिने. म्हणजे खाण्या-राहण्याला वर्षाला एक लाख, कॉलेजची फी वेगळी.

हा लाख हळदीच्या पैशातून जूनमध्येच बाजूला काढायचा. ३०,००० सेव्हिंगला, ते सप्टेंबरपर्यंत पुरतात. ३०,००० तीन महिन्यांच्या एफडीत, ती सप्टेंबरमध्ये सुटते, ते ऑक्टोबर ते डिसेंबरसाठी. ४०,००० सहा महिन्यांच्या एफडीत, ते जानेवारी ते एप्रिलसाठी. मधेच घरी गरज पडली तर एफडी मोडता येते, व्याज थोडं कमी मिळतं एवढंच. आप्पांना आधी हे पटेना. पोरीच्या नावावर एवढा पैसा कशाला, लागेल तसा पाठवतो ना, असं त्यांचं म्हणणं. काका त्यांच्याशी फोनवर बराच वेळ बोलले. हळदीचा भाव, मजुरी, मुकादमाची उचल, सगळं विचारलं आणि मग म्हणाले, "पैसा तुमचाच आहे, फक्त तारखा ठरवून ठेवलाय." यंदा दिवाळीनंतर आप्पांना कुणाकडे जावं लागलं नाही. माझ्यासाठी या सेवेची किंमत एवढ्यातच कळली.

शिष्यवृत्तीच्या बाबतीत त्यांच्याइतकं नीट सांगणारं मला पुण्यात दुसरं कुणी भेटलं नाही. माझी धाराशिवची रूममेट महाडीबीटीचा, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचा, हप्ता आला नाही म्हणून कॉलेजच्या ऑफिसात चकरा मारत होती. तिथे एकच उत्तर, वरून आला नाही. काकांनी तिला आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती, म्हणजे आधारला कुठली बँक जोडलीय ते, बघायला लावली. हप्ता खातेनंबरावर नाही, आधारला शेवटी जोडलेल्या बँकेत जातो. तिने मधे नवं खातं उघडताना आधार जोडायला होकार दिला होता आणि पैसे त्या न वापरलेल्या खात्यात येऊन पडले होते.

फीची पावतीही ते ओळीओळीने वाचून घेतात. २०२४-२५ पासून कॅपमधून (सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) व्यावसायिक अभ्यासक्रमाला आलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (मराठा आरक्षणाचा गट) आणि ओबीसी मुलींना, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. डेव्हलपमेंट फी आणि हॉस्टेल त्यात येत नाही. पावतीवर कुठली रक्कम कुठल्या नावाखाली लावलीय हे बघितल्याशिवाय भांडायला जाऊ नका, असं ते बजावतात. अल्पभूधारकांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, हे मला त्यांच्याकडूनच कळलं.

कर्जाबद्दल ते कडक आहेत. क्रेडिट कार्डाचं थकलेलं बिल महिना साडेतीन टक्क्यांनी म्हणजे वर्षाला ४२ टक्क्यांनी वाढतं, हा हिशेब समोर बसलेल्याकडून करवून घेतात. लोन ॲपच्या मागे कुठली बँक किंवा एनबीएफसी (बँक नसलेली, पण नोंदणीकृत वित्त कंपनी) आहे ते दिसत नसेल तर हातही लावू नका, म्हणतात. एक मुलगा ऑप्शन्सचा, म्हणजे शेअर बाजारातल्या सौद्यांचा, क्लास लावायचा म्हणून आला होता. त्याला त्यांनी शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीचा २०२४ चा अहवाल दाखवला. तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या सामान्य लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. मुलगा तरी म्हणाला, मी सात टक्क्यांत येईन. काका चिडले नाहीत. क्लासच्या फीत मेसचे किती महिने निघतात ते त्यालाच काढायला लावलं.

आता उणिवा. खोली एकच आणि बाकं जवळजवळ. घरचं कर्ज, वडिलांचं आजारपण असलं काही बोलायचं तर मागचे चौघे ऐकत असतात. माझ्या ओळखीच्या दोन मुली याच कारणाने परत गेल्या. साधा पडदा लावला तरी फरक पडेल, अभ्यासिकेच्या मालकांनी हे मनावर घ्यावं. शिष्यवृत्तीचे फॉर्म सुरू असतात तेव्हा साडेआठलाच रांग लागते आणि शेवटच्यांना घाईत उरकावं लागतं. शिवाय शिकत असताना एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक गुंतवणूक, नकोच, असं काका सरसकट सांगतात, ते मला पटत नाही. ज्यांना स्टायपेंड मिळतो त्यांनी ५०० रुपयांची सुरुवात करायला काय हरकत आहे? मी हे त्यांना बोलून दाखवलं, त्यांनी ऐकून घेतलं, मत बदललं नाही.

कुठला विषय घ्यावा, करिअर कशात करावं, असं विचारायला जाऊ नका. ते माझं क्षेत्र नाही, असं ते सरळ सांगतात.

जाताना पासबुक भरून न्या, मोबाइलवरचं स्टेटमेंट त्यांना चालत नाही. फीची पावती, उत्पन्नाचा दाखला आणि एक वही हवी. शैक्षणिक कर्जाचं काम असेल तर पहिल्याच वेळी आई किंवा वडिलांना बरोबर न्या, कारण सहकर्जदार म्हणून सही त्यांची लागते आणि काका त्यांच्याशी बोलल्याशिवाय फॉर्मला हात लावत नाहीत. गावाकडून येणाऱ्या आईला एसटीत अर्धं तिकीट आहे. दिवाळी आणि गणपतीच्या रविवारी ते बसत नाहीत, दाराशेजारच्या फळ्यावर आधी लिहिलेलं असतं.