१,४८,४९८ रुपयांचा ब्लेझर

आकडा आधीच सांगून टाकतो, नाहीतर शेवटपर्यंत लपवत बसेन. वेबिनारचे १९९, ‘मास्टरक्लास’चे ४,९९९, पर्सनल ब्रँडिंग पॅकेजचे ८५,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणून १५,३००, इन्स्टाग्रामच्या निळ्या टिकचे २५,०००, कुठल्याशा पुरस्काराची ‘नॉमिनेशन फी’ १८,०००. एकूण १,४८,४९८. पुरस्कार मिळालाच नाही. मिळाला असता तर आणखी लाज वाटली असती.

मी द्राक्षाचा सल्लागार. राहुरीच्या कृषी विद्यापीठातून एम.एस्सी. केलं, १९ वर्षं दिंडोरी-निफाडच्या बागा फिरतोय. हे मोठेपणासाठी सांगत नाही. ‘एवढा शिकलेला माणूस फसला कसा’ हे घरात आणि बाहेर इतकं ऐकलंय, की उत्तर एकदाचं लिहूनच टाकतो. दोन हंगामांपासून माझेच जुने बागायतदार रील दाखवून म्हणायला लागले, “सर, हा पोरगा तर वेगळंच सांगतो.” पोराने छाटणीची कात्री उलटी धरलेली, पण फॉलोअर दोन लाख. त्यातच सोशल मीडियावर नाव करून देणाऱ्या एका फर्मच्या गंगापूर रोडवरच्या एसी ऑफिसात समोरचा म्हणाला, “सर, ज्ञान तुमच्याकडे आहे, फक्त दिसत नाही.” मनातलंच बोलला. तुम्हीही खुर्ची पुढे ओढली असती.

वेबिनार, मग फोन, मग ‘ऑफर आज रात्री बारापर्यंतच’, हा सगळा खेळ तुम्हाला ठाऊक आहे. पैसे भरताना क्यूआर कोडवर फर्मचं नाव नव्हतं, कुण्या बाईचं होतं. “अकाउंट्सच्या मॅडम आहेत.” बरं.

मग फोटो. शेतकरी मला टोपीत ओळखतात, असं म्हटलं तर हसले आणि खुंटीवरचा निळा ब्लेझर अंगात चढवला. डाव्या बाहीची दोन बटणं काळी, खालचं तपकिरी. पुढे त्यांच्या पेजवर ‘आमचे यशस्वी क्लायंट’ बघितले: एक दातांचे डॉक्टर, एक प्लॉट विकणारे, एक योगशिक्षिका. सगळ्यांच्या अंगात तोच ब्लेझर, तपकिरी बटणासकट. योगशिक्षिकेने बाह्या दुमडल्या होत्या. तेव्हा मला ते नुसतं गमतीचं वाटलं.

पण खरं झोंबतं ते वेगळंच. तीन आठवड्यांत फॉलोअर ३१२ वरून १४,६०० वर गेले होते. मी डाऊनी, म्हणजे द्राक्षावरचा बुरशीचा रोग, आलेल्या पानाचा फोटो टाकला. दहा मिनिटांत ४३ कमेंट. ‘ग्रेट इनसाइट सर’, ‘ग्रेट इनसाइट सर’, आणि पाचवी की सहावी: ‘यमी! रेसिपी प्लीज.’ रोगट पानाखाली! मी हसलो, बायकोला दाखवलं. ती म्हणाली, “अहो, ही माणसं खरी आहेत का?” आणि मी तिला अल्गोरिदम समजावला. जो मलाच कळत नाही, तो. १९ वर्षं शेतकऱ्याला एकच सांगतोय, वरून तेलकट पिवळा डाग दिसला की पान उलटून बघा, खाली पांढरी बुरशी सापडेल. त्या रात्री एका तरी नावावर बोट टेकवलं असतं तर दिसलं असतं: फोटो नाही, पोस्ट शून्य, नावापुढे आठ आकडे. तोवर १,०५,४९८ गेले होते. टिकचे आणि पुरस्काराचे ४३,००० त्यानंतर दिले. कमेंटमागे हजार पडले.

ती टिक म्हणजे काय, ते ऐका. इन्स्टाग्रामची मालक कंपनी मेटाने २०२३ साली भारतात पैसे भरून टिक द्यायला सुरुवात केली, तेव्हा मोबाइलवर दर महिन्याला ६९९ रुपये होते. आपलं ओळखपत्र लावा, पैसे भरा, झालं. माझ्याकडून ‘पीआर’च्या नावाखाली २५,००० घेतले, माझंच आधार लावून एक महिन्याचं सबस्क्रिप्शन काढलं. दुसऱ्या महिन्यात टिक गायब. लिंक्डइनवर तर आधार दाखवून पडताळणी फुकट होते.

हेही गिळलं असतं. पण गोडी छाटणीनंतर, म्हणजे फळं धरायच्या छाटणीनंतर, ऐन पावसाळी हवेत, माझ्या नावाने पोस्ट पडली: फोटो डाऊनीचा, सल्ला गंधक फवारण्याचा. गंधक भुरीवर, त्या दुसऱ्या बुरशीवर, चालतं हो, डाऊनीवर नाही! निफाडहून फोन आला, “सर, बरे आहात ना?” तो आवाज अजून कानात आहे. पोस्ट काढायला गेलो तर पासवर्ड बदललेला. रिकव्हरीचा ईमेल त्यांचा, मोबाइल नंबर त्यांचा. सुरुवातीला ‘सर, तुम्ही बागा बघा, हे आमच्यावर सोडा’ म्हणाले होते, ते हेच. अकाउंटचा ईमेल आणि नंबर दुसऱ्या कुणाचा लावू देऊ नका, सख्ख्या भावाचासुद्धा.

ऑफिसला कुलूप. पोलीस ठाण्यात गेलो. साहेब सिंहस्थाच्या बैठकीला. दोन तास बाकावर. मग कळलं की ऑफिस दुसऱ्या हद्दीत आहे. दुसऱ्या ठाण्यात गेलो, तर म्हणे राहता कुठे, तिकडे जा. कुठल्याही ठाण्यात झिरो एफआयआर घेता येतो, १ जुलै २०२४ पासून कायद्यातच लिहिलंय, असं म्हटलं तर हवालदार म्हणाले, “मग तुम्हीच बसा इथं.” शेवटी निकाल लागला: “तुम्ही राजीखुशीने पैसे दिले, काम पसंत पडलं नाही, हा दिवाणी मामला.” पसंत पडलं नाही? साडी आहे का ती? बँकेत सांगितलं, पिन तुम्हीच टाकला. आणखी एका खिडकीवर ऐकवलं की तुम्ही व्यावसायिक, म्हणून ग्राहक नाही. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार करणारा ग्राहकच असतो, हे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आहे, आणि ५ लाखांपर्यंत मोबदला दिला असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात फीसुद्धा नाही. ते खिडकीतल्या माणसाला मी सांगायचं! तक्रार आता स्वतः टाइप करतोय.

मी १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला तो अकराव्या दिवशी, कारण लाज. तुम्ही त्याच तासाला करा. पैसे खात्यात असतील तोवरच अडवता येतात.

आणि बिल मोजा. जीएसटी नंबरात १५ अक्षरं असतात, महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो, पोर्टलवर लॉगिन न करता तपासता येतो. माझ्या बिलावरची अक्षरं मी बोट ठेवून तीनदा मोजली. चौदा.

ते पेज अजून चालू आहे. परवा भाच्याने स्क्रीनशॉट पाठवला: ‘नाशिकच्या द्राक्षतज्ज्ञाची यशोगाथा, तुमचाही ब्रँड बनवा, फक्त १९९ रुपये.’ वर निळ्या ब्लेझरमधला माझा फोटो, हाताची घडी घातलेला. बाहीवरचं तपकिरी बटण दिसलं तर ओळखा, आणि १९९ भरू नका.